किल्ला अजून आलाच नाही!

ताई,
वाचनाचं मला वेड आहे. डिसेंबर लागला की मी तीन प्रकारची पुस्तकं बाहेर काढते : ख्रिसमसच्या गोष्टी, फँटसी आणि जुन्या गॉथिक, म्हणजे पडके किल्ले नि भीती यांच्या, कादंबऱ्या. यंदा हौसेनं महिन्याची यादी केली आणि पहिल्याच पुस्तकापाशी घोडं अडलं. ॲन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'. किल्ला, भुयारं, गूढ असं ऐकून घेतली आणि हाती आले डोंगर, सूर्यास्त आणि मधूनमधून कविता! एक संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा माझा नियम, त्यामुळं मागची सगळी रांग तटली आहे. मध्येच चोरून एखादी ख्रिसमसची गोष्ट वाचते, ती एका बैठकीत संपते, आणि मग अपराधी वाटतं की आपल्याला सोपंच तेवढं झेपतं. त्यात एक मैत्रीण म्हणते, "या वयात ड्रॅगन नि पऱ्या? हे पळपुट्यांचं वाचन." उडॉल्फो नेटानं संपवू की सोडून देऊ? हे तिन्ही प्रकार एकाच वेळी वाचणं म्हणजे नुसती सरमिसळ आहे का? आणि हसणार नसाल तर शेवटचं : भुताखेताचं रात्री वाचलं की झोप उडते, दिवसा वाचलं की मजा येत नाही. काय करू?
— पहिल्या खंडात अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

हसले नाही. म्हणजे थोडी हसले, पण झोपेच्या प्रश्नाला नाही, किल्ल्याची वाट बघताय त्याला. कारण पहिल्या खंडात किल्ला येतच नाही. नायिका एमिली उडॉल्फो किल्ल्याच्या दारात पोचते ती दुसऱ्या खंडात, तीसुद्धा काही प्रकरणं उलटल्यावर. तोवर ती वडिलांबरोबर पिरनीजच्या डोंगरांतून प्रवास करते, प्रेमात पडते, पोरकी होते, आत्याच्या ताब्यात जाते. आत्या माँटोनी नावाच्या एका इटालियनाशी लग्न करून बसते, तेव्हा कुठं मंडळी इटलीची वाट धरतात. तेव्हा तुमचं वाचन कुठं कमी पडतंय असं मुळीच नाही. ज्यासाठी पुस्तक घेतलंत ते अजून सुरूच झालेलं नाही, एवढंच.

ही कादंबरी १७९४ साली चार खंडांत निघाली. पुस्तकं महाग होती. बरेच वाचक वर्गणीच्या वाचनालयातून एकेक खंड आणत, घरात सगळ्यांनी मिळून वाचत आणि मग पुढचा आणायला जात. त्यात फ्रान्सशी इंग्लंडचं युद्ध जुंपलेलं, त्यामुळं पिरनीज काय किंवा इटली काय, बहुतेकांना पुस्तकातूनच बघायचं होतं. आज तुम्हाला कंटाळवाणा वाटणारा सूर्यास्त त्यांच्यासाठी पुस्तकाच्या किमतीतच धरलेला होता. गंमत अशी की रॅडक्लिफबाईंनी स्वतः इटली पाहिलेली नव्हती. जुनी निसर्गचित्रं आणि इतरांची प्रवासवर्णनं समोर ठेवून त्यांनी ते डोंगर उभे केले. डोंगरांचे हजारो फोटो पाहून झालेल्या तुमच्यासारखीनं त्यातले चार परिच्छेद गाळले, तर पुस्तकाचं काही बिघडत नाही. कविताही खुशाल गाळा. एमिली मनात आलं की कविता रचते, आणि तिच्या प्रत्येक कवितेला आपण थांबलंच पाहिजे असं नाही.

गाळायचं काय नाही, ते मात्र सांगते. एमिली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, हातात दिवा असतो, एखादं दार आतून नव्हे तर बाहेरून बंद होतं, नोकर बोलता बोलता मध्येच गप्प होतो, अशा जागा सावकाश वाचा. किल्ल्यातल्या एका दालनात काळ्या पडद्यानं झाकलेली एक चौकट आहे. एमिली धीर करून पडदा उचलते आणि जमिनीवर कोसळते. तिनं काय पाहिलं? बाई सांगत नाहीत. पुढं शेकडो पानं सांगत नाहीत. पुस्तक संपत आलं की सांगतात, आणि तेव्हा निम्मे वाचक 'एवढंच?' म्हणून चिडतात. मीही त्या निम्म्यांत आहे. पण मधली शेकडो पानं तो पडदा डोक्यातून जात नाही, आणि ती कमाई त्या उत्तराहून कितीतरी मोठी आहे. इंटरनेटवर जाऊन उत्तर बघू नका, हात बांधून ठेवा.

रॅडक्लिफबाईंना हे नीट ठाऊक होतं. त्यांचा एक लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८२६ साली छापून आला. त्यात त्या भीतीचे दोन प्रकार करतात. काहीतरी येणार आहे या चाहुलीची भीती मन मोठं करते, जागं करते. समोर आलेलं भीषण दृश्य मन आक्रसवतं, गोठवतं. त्यांना पहिली हवी होती. ती घाईनं देता येत नाही, म्हणून पुस्तक संथ आहे. दुसरी हवी असेल तर मॅथ्यू लुईस याची १७९६ सालची 'द मंक' आहे. तिथं पडदाबिडदा काही नाही, सगळं उघड्यावर. वेग जबरदस्त, पण बलात्कार, खून, छळ असं सगळं आहे, तेव्हा सणाच्या संध्याकाळी हातात घ्यायचं ते पुस्तक नव्हे.

आता तुमचा पहिला प्रश्न. किल्ल्याच्या दारापर्यंत गाळत-गाळत पोचा आणि किल्ल्यात दोन-चार प्रकरणं काढा. त्यानंतरही जीव रमला नाही तर पुस्तक मिटून कपाटात ठेवा, कुणाचं देणं लागत नाही तुम्ही. आणि 'एक संपल्याशिवाय दुसरं नाही' हा नियम आजच मोडा. हा नियम छोट्या पुस्तकांना ठीक. चार खंडांच्या कादंबरीला लावलात तर तुम्ही वाचक न राहता त्या पुस्तकाच्या पहारेकरी होता.

यादीबद्दल बोलायचं तर जेन ऑस्टेनची 'नॉर्थँगर ॲबी' उडॉल्फोच्या जोडीला घ्याच. छोटी आहे, खट्याळ आहे, आणि तिची नायिका कॅथरीन नेमकी तुमचंच पुस्तक वाचत असते. ती त्या काळ्या पडद्यापाशी पोचलेली आहे. पडदा कळलाय, पण मागचं काय ते कुणी सांगू नये म्हणून ती कानांवर हात ठेवायच्या बेतात आहे. तिची मैत्रीण इझाबेला तिला पुढं वाचायच्या सात कादंबऱ्यांची यादी देते. कॅथरीन विचारते काय, तर या सगळ्या नक्की भयानक आहेत ना? त्यावर इझाबेलाचं उत्तर मजेदार आहे : हो, कारण तिच्या एका मैत्रिणीनं त्या सगळ्या वाचल्या आहेत! म्हणजे यादी करणारी एक, वाचणारी भलतीच. त्या सात नावांबद्दल पुढं बराच काळ लोकांना वाटायचं की ऑस्टेनबाईंनी ती थट्टेनं रचली असणार. ती सातही पुस्तकं खरीखुरी निघाली.

त्याच कादंबरीत कॅथरीन एका जुन्या वाड्यात पाहुणी म्हणून राहते. रात्री वादळ, खोलीत एक जुनं कपाट, कपाटात कागदांची गुंडाळी. थरथरत्या हातानं ती मेणबत्तीची वात नीट करायला जाते आणि मेणबत्तीच विझते. पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी उजेडात बघते तर धुण्याचा हिशेब! कुणाचे शर्ट, कुणाचे मोजे. ऑस्टेन हसते ती कॅथरीनला, गॉथिक वाचण्याला नव्हे, असं मला तरी वाटतं. ज्या बाईला ही सगळी यंत्रणा इतकी पाठ आहे, तिनं ती पुस्तकं आवडीनंच वाचलेली असणार. ऑस्टेन वारली जुलै १८१७ मध्ये, आणि हे पुस्तक निघालं त्याच वर्षाच्या डिसेंबरात.

डिसेंबरावरून तुमच्या सरमिसळीच्या प्रश्नाकडं येते. होरेस वॉलपोल याची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही पहिली गॉथिक कादंबरी मानतात. ती बाजारात आली २४ डिसेंबर १७६४ ला, ऐन ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. सुरुवातीलाच नवरा मुलगा लग्नाच्या दिवशी आकाशातून पडलेल्या एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. हसू येतं का? येऊ द्या. वॉलपोलनं पहिल्या आवृत्तीत आपलं नावसुद्धा घातलं नव्हतं. जुन्या इटालियन पुस्तकाचा हा अनुवाद आहे अशी थाप त्यानं मारली होती. पुस्तक खपलं तेव्हा पुढच्या आवृत्तीत कबूल केलं. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'ची सुरुवातही ख्रिसमसच्या आदल्या रात्री, एका जुन्या घरात शेकोटीभोवती होते. भुताच्या गोष्टी सांगत बसलेल्या मंडळींपैकी एक जण म्हणतो, माझ्याकडंही एक आहे. उत्तरेकडच्या लांबलचक, काळ्याकुट्ट रात्री, सुट्टी, एकत्र जमलेले लोक, आणि वेळ घालवायला गोष्ट. त्यात भूत येणारच.

याहून जुना दाखला हवा असेल तर 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' बघा. चौदाव्या शतकाच्या अखेरीचं काव्य. आर्थर राजाच्या दरबारात नाताळचा उत्सव चालू आहे, नवं वर्ष उजाडलंय, आणि घोड्यावरून एक प्रचंड सरदार आत शिरतो. अंग हिरवं, केस हिरवे, घोडाही हिरवा. एका हातात होली या नाताळच्या सदाहरित झुडपाची डहाळी, दुसऱ्या हातात कुऱ्हाड. म्हणतो, मला एक घाव घाला, वर्षानं मी तो परत करीन. दरबारातला गवेन घाव घालतो, मुंडकं जमिनीवर घरंगळतं. हिरवा सरदार शांतपणे पुढं होतो, केसांना धरून मुंडकं उचलतो, घोड्यावर बसतो, आणि ते मुंडकं डोळे उघडून गवेनला पुढच्या भेटीची तारीख सांगतं. आता मला सांगा, हे सणाचं साहित्य की फँटसी की भयकथा? या काव्याचं जगात एकच हस्तलिखित उरलंय, ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. तुमच्या मैत्रिणीला वाचायला द्या. विद्यापीठात शिकवतात म्हटलं की तिचा आवाज जरा खाली येईल.

तिच्या 'पळपुट्या'ला उत्तर तर टॉल्किननं १९३९ सालीच देऊन ठेवलंय, परीकथांवरच्या त्याच्या व्याख्यानात. तुरुंगातला माणूस बाहेर पडून घरी जायचं बघतो, ते एक पळणं. रणांगण सोडून शिपाई पळतो, ते दुसरं. टीकाकार या दोन्हींची गल्लत करतात, असं तो म्हणतो. याच माणसानं पुढं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'मध्ये अंगठी नष्ट करायला निघालेल्या मंडळींना रिव्हेंडेल या एल्फांच्या मुक्कामाहून बाहेर काढलं ते २५ डिसेंबरला. कादंबरीत सण नाही, घंटा नाहीत, फक्त तारीख आहे, तीही नीट बघितली तर सापडणारी. मैत्रिणीशी वाद घालत बसू नका मात्र. तिचं एक म्हणणं अर्धं खरंही आहे : फँटसीत भरताड पुष्कळ आहे. सणाच्या कथांत तर विचारू नका. तेच बर्फात अडकलेलं गाव, तीच शहरातून परतलेली मुलगी, तोच खडूस पण मनानं चांगला तरुण. दमलेल्या दिवशी मीही वाचते. त्याला अपराध कशाला म्हणायचं? फक्त ते वाचून झाल्यावर काही आठवत नसेल तर नवल वाटून घेऊ नका.

पण 'सोपंच तेवढं झेपतं' या तुमच्या वाक्याला माझा खरा आक्षेप आहे. एका बैठकीत संपणं हा गोष्टीचा हलकेपणा नव्हे. एडगर ॲलन पो यानं १८४२ मध्ये लिहिलंय की कथा एका बैठकीत वाचून व्हावी, मध्ये जगाचे व्यवहार आले की तिचा एकसंध परिणाम तुटतो. त्याच्या दृष्टीनं ती मर्यादा म्हणजे कथेचं बळ होतं. आणि ख्रिसमसच्या गोष्टींची जी मूळ गोष्ट, डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल', ती तरी कुठं गोड आहे? पहिलं वाक्यच मार्ली मेला होता, इथून सुरू होतं. कंजूष स्क्रूज घरी येतो, दाराच्या कडीच्या जागी त्याला मेलेल्या भागीदाराचा चेहरा दिसतो. तो घाबरत नाही, निदान तसं दाखवत नाही. पण दार लावताना कडीच्या मागच्या बाजूला मार्लीची वेणी तर बाहेर आलेली नाही ना, हे हळूच वाकून बघतो! एवढ्या एका हालचालीत अख्खा माणूस आला की नाही?

आता या गोष्टीतली जी जागा लोक घाईत ओलांडतात तिथं थांबा. तिसऱ्या भागाच्या शेवटी स्क्रूजला भेटायला आलेला ख्रिसमसचा आनंदी, धिप्पाड आत्मा निघायच्या बेतात असतो. त्याच्या झग्याखालून स्क्रूजला काहीतरी पंज्यासारखं दिसतं. आत्मा झगा बाजूला करतो आणि पायाशी दोन मुलं दिसतात, वाळलेली, भेसूर, लांडग्यासारखी. मुलाचं नाव अज्ञान, मुलीचं दारिद्र्य. १८४३ साली डिकन्सनं कारखान्यांत नि खाणींत राबणाऱ्या मुलांबद्दलचा सरकारी अहवाल वाचला होता, लंडनमधली गरीब मुलांची एक शाळा जाऊन बघितली होती. त्यावर तो पत्रक काढणार होता. पत्रक राहिलं आणि काही आठवड्यांत ही गोष्ट झाली. १९ डिसेंबरला प्रसिद्ध झाली आणि ख्रिसमसच्या आधीच ६००० प्रतींची पहिली आवृत्ती संपली. पत्रक किती जणांनी वाचलं असतं? तर ही गोष्ट यंदा एका दमात संपवू नका. तिचे पाच भाग आहेत, पाच संध्याकाळी वाचा. आणि शक्य असेल तर मोठ्यानं. डिकन्स स्वतः ती रंगमंचावर वाचून दाखवायचा, आणि वाक्यं तशीच बांधलेली आहेत. मनात वाचताना विनोद निसटतात.

राहिली तुमची झोप. भयकथांचं प्रकरण संपतं तिथंच लेखकानं गळ टाकलेला असतो. आपण 'एवढं प्रकरण संपवते' म्हणतो आणि बरोबर गळाला लागून पांघरूण ओढतो. तेव्हा प्रकरणाच्या मध्यावर थांबत जा. वर्णन लांबलंय, पात्रं चालतायत, कुणाला काही झालेलं नाही, अशा जागी खूण घाला आणि दिवा मालवा. उडॉल्फोचे ते सूर्यास्त या कामाला फार चांगले. दुसरा उपाय म्हणजे एकटीनं वाचू नका. एम. आर. जेम्स हा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला विद्वान दरवर्षी ख्रिसमसच्या सुमारास मित्रांना स्वतःची नवी भयकथा वाचून दाखवायचा. हस्तलिखित घेऊन यायचा, एक सोडून सगळ्या मेणबत्त्या विझवायचा आणि वाचायला बसायचा. चार जण सोबत असले की भीती वाटून घेतली जाते आणि मजा मात्र प्रत्येकाला पूर्ण मिळते. घरात कुणी ऐकणारं नसेल तर फोनवर मैत्रिणीला वाचून दाखवा, ड्रॅगनवाल्या मैत्रिणीला नाही, दुसऱ्या.

आणि भीतीच्या पोटात दडलेला विनोद शोधायची सवय लावून घ्या, झोपेला त्याइतकं चांगलं काही नाही. 'ड्रॅक्युला'त जोनाथन हा तरुण वकील काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात दाढी करत असतो. खांद्यावर हात पडतो, काउंट मागं उभा आहे, पण आरशात कुणीच नाही. दचकल्यामुळं कापतं, रक्त येतं, काउंट गळ्याकडं झेपावतो, हात जपमाळेला लागतो आणि मागं हटतो. मग तो आरसाच खिडकीतून खाली फेकून देतो. एवढं सगळं झाल्यावर हा वकील रोजनिशीत काय लिहितो? मोठी पंचाईत झाली, आता दाढी करायची कशी? घड्याळाच्या झाकणात बघून, किंवा दाढीच्या भांड्याच्या बुडात, नशीब ते धातूचं आहे!

'ड्रॅक्युला' तुमच्या यादीत असेल तर यंदा डिसेंबरात मात्र काढू नका. ते पुस्तक म्हणजे रोजनिश्या, पत्रं, तारा आणि बातम्यांची कात्रणं, जवळजवळ सगळी तारखा घातलेली. सुरुवात ३ मे ला होते आणि तारीख घातलेली शेवटची नोंद ६ नोव्हेंबरची आहे. ३ मे ला उघडा आणि त्या-त्या तारखेची नोंद त्या-त्या दिवशी वाचा. कधी एका दिवसात चार ओळी असतील, कधी रात्र जाईल, कधी आठवडाभर काहीच नसेल आणि तुम्ही चिडून पुढचं पान उघडायला जाल. तारखा काही ठिकाणी पुढंमागं झालेल्या आहेत, तेवढं चालवून घ्या.